रुई आईची, सरकी लेकीची

मृग लागायच्या आठवडाभर आधी आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावच्या कृषी केंद्रापुढे सावली धरून नुसतं उभं राहावं, दुसरं काही करू नये. आत गर्दी असते, पंखा गरम हवाच फिरवत असतो, आणि काउंटरवर जे बोलणं चालतं ते झाडीपट्टीच्या नाटकातही मिळायचं नाही. "दादा, औंदा हायब्रीड नको बाप्पा, बीटी द्या." दुकानदार म्हणतो, "काकाजी, बीटी म्हंजे हायब्रीडच असते ना." काकाजी जरा विचार करतात, दुपट्टा सारखा करतात आणि म्हणतात, "मंग असं करा, बीटीतलं देशी द्या." मागे उभा असलेला शेतकी शिकलेला पोरगा तोंड दाबून हसतो, आणि त्या पोराला जरा बाजूला घेऊन 'वाण आणि संकर यात फरक काय रे बाबू' असं विचारलं, तर तोही डोकं खाजवायला लागतो, ही त्यातली खरी गंमत.

काकाजींना हसण्यात काही अर्थ नाही. हे सगळे शब्द दुकानाच्या एकाच फळीवर मांडून ठेवलेत, म्हणून ते एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत असं वाटतं. पण यातला प्रत्येक शब्द आपल्या वेगळ्याच प्रश्नाला उत्तर देतो. देशी की अमेरिकन, हा झाला कुळाचा प्रश्न. संकरित की सरळ वाण, हा आईबाप एका घरचे की दोन घरचे याचा, आणि त्याच्या पोटात आणखी एक बारीक प्रश्न असतो, की घरचं बी धरून पेरलं तर पुढची पिढी तशीच निघेल का. आणि बीटी म्हणजे झाडाच्या अंगात एक ठरावीक जनुक बाहेरून आणून बसवलंय की नाही, एवढंच. त्यामुळे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एकच झाड अमेरिकनही असू शकतं, संकरितही आणि बीटीही. आणि काकाजी मागतात तसलं, म्हणजे बीटी असून संकरित नसलेलं झाडही असतं. वर्धा रोडवर पांजरीला जी केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ साली निघालेली, तिनं सरळ वाणातही बीटी आणलेलं आहे. सूरज बीटी हे त्यातलं एक नाव. म्हणजे काकाजी अगदीच हवेत बोलत नव्हते.

आता कुळापासून सुरुवात करू, कारण कुळाची गोष्ट फार मजेची आहे. जगात लावल्या जाणाऱ्या कपाशीच्या चार जाती, जाती म्हणजे शास्त्रवाले ज्याला प्रजाती म्हणतात त्या. दोन आपल्याकडच्या जुन्या, आर्बोरियम आणि हर्बेसियम. दोन अमेरिकेकडच्या, हिर्सुटम आणि बार्बाडेन्स. आजा-पणजाच्या काळी वऱ्हाडात आणि वर्धेच्या खोऱ्यात जी कपाशी पिकायची, हिंगणघाटची म्हणून विलायतेपर्यंत जिचं नाव होतं, ती देशी, आर्बोरियमच्या कुळातली. तिच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं २६. अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२. या दोघींचं लग्न लावलं तर मूल होतं कधीमधी, पण त्याच्या वाट्याला आईकडून १३ आणि बापाकडून २६ अशी ३९ येतात, जोड्या जुळत नाहीत, आणि झाड दणकट दिसलं तरी बी धरायच्या नावानं शून्य. म्हणून 'देशी' आणि 'अमेरिकन' हा फरक आंबेमोहोर आणि कोलमचा फरक नव्हे, तो फार खोल आहे.

पण खरी नवलाई पुढे आहे. या ५२ गुणसूत्रांकडे लोकांनी सूक्ष्मदर्शकातून नीट पाहिलं तेव्हा दिसलं की त्यातली २६ मोठी आहेत आणि २६ लहान. मोठी कोणाची? तर आपल्या देशीच्या कुळातली. लहान कोणाची? अमेरिकेतल्या रानटी कपाशीच्या कुळातली. म्हणजे अमेरिकन म्हणून जिला आपण परकी समजतो तिच्या अंगातला निम्मा वारसा जुन्या जगाचा. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी इकडच्या कुळातलं एखादं बी समुद्रावरून वाहत पलीकडे लागलं असावं, तिथल्या रानटी कपाशीशी त्याचा संकर झाला असावा आणि त्या संकराची गुणसूत्रं कधीतरी आपोआप दुप्पट झाली असावीत, असं शास्त्रज्ञ मानतात. टेक्सासमधल्या बीस्ली नावाच्या तरुणानं १९४० च्या सुमारास हे करूनच दाखवलं. त्यानं आपली आर्बोरियम घेतली, तिकडची रानटी थुर्बेराय घेतली, दोघींचा संकर केला आणि त्या वांझ पोरावर कोल्चिसीनचा प्रयोग करून गुणसूत्रं दुप्पट केली. झाड ५२ चं झालं आणि अमेरिकन कपाशीशी त्याची सोयरीकही जुळली. हे कोल्चिसीन, बरं का, आपल्या रानात पावसाळ्यात जी लाल-पिवळी कळलावी फुलते तिच्या कंदातही असतं. बायका तिला घरात आणू देत नाहीत, भांडणं लागतात म्हणून. ज्या झाडाला भांडण लावणारं म्हणून आपण दारात ठेवत नाही, त्याच्यातलं विष तिकडे न जुळणाऱ्या जोड्या जुळवत होतं.

तर कुळ झालं. आता संकर. ५२ वाल्यांच्या आपसातल्या लग्नाला अडचण नाही. सुरतेच्या कापूस केंद्रात सी. टी. पटेलांनी गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस या दोन वाणांचा संकर करून १९७० साली 'एच-४' दिली, आणि व्यापारासाठी पिकवलेली जगातली ती पहिली संकरित कपाशी. तिच्यात आई आणि बाप दोघंही हिर्सुटमचेच, एकाच जातीतले दोन वाण. पुढे १९७२ साली धारवाडला कटारकींनी 'वरलक्ष्मी' केली, तिच्यात आई हिर्सुटम आणि बाप बार्बाडेन्स, म्हणजे दोन वेगळ्या जाती. दोघींनाही आपण 'संकरित' म्हणतो, पण एकीचं लग्न गावातल्या गावात आणि दुसरीचं जातीबाहेर.

हे संकराचं बी तयार कसं होतं ते ज्यानं पाहिलं नाही त्यानं एकदा पाहावं. जालना, देऊळगाव राजाकडे गेलं की रस्त्याच्या कडेला 'सीड प्लॉट' दिसतात, आणि तिथे 'क्रॉसिंग' चालतं, हाच शब्द तिथल्या बायकांच्या तोंडी असतो. कपाशीचं फूल उद्या सकाळी उमलणार हे आज दुपारनंतर कळीवरून ओळखू येतं. पाकळ्यांची गुंडाळी पातीच्या बाहेर डोकावायला लागते. त्या वेळी बाई अंगठ्याच्या नखानं कळीच्या बुडाशी एक चीर देते, गोल फिरवते आणि पाकळ्या, पुंकेसरांची नळी असं सगळं टोपीसारखं उचलून काढते. मागे उरतं नुसतं स्त्रीकेसराचं देठ, उघडं. त्यावर लाल कागदाची पुडी. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, बापाच्या ओळीतली फुलं टोपलीत घेऊन त्या पुन्हा येतात, पुडी काढून त्या देठावर पराग घासतात, आणि खूण म्हणून दोरा बांधतात. एका नरफुलावर चार-पाच माद्या उरकतात. असं एकेक फूल हातानं. तुम्ही जी बॅग दुकानातून आणता तिच्यातल्या प्रत्येक सरकीच्या मागे कोणाच्या तरी अंगठ्याचं नख आहे. आणि यंत्रानं जग इतकं पुढे गेलं तरी हे काम अजून बरंचसं नखावरच चाललंय, याचं मला फार कौतुकही वाटतं आणि थोडं वाईटही, कारण त्या कामाची मजुरी नखाएवढीच असते.

त्या बॅगेतलं बी पेरलं की शेत कसं उभं राहतं! सगळी झाडं एका उंचीची, सगळी जोमदार. याला शास्त्रात संकरओज म्हणतात. मग आपले लोक म्हणतात, एवढं छान पीक आलं, बी घरचंच धरू, नव्या बॅगेला पैसे कशाला? आणि पुढच्या वर्षी शेतात एक झाड कमरेला, एक छातीला, एकाला बोंडं भरगच्च, दुसऱ्याला नुसता पाला. मग दुकानदाराला शिव्या. वास्तविक यात दुकानदाराचा काही हात नसतो. पत्त्यांचा खेळ पाहा. पहिल्या पिढीत प्रत्येक झाडाला एक हात आईचा आणि एक हात बापाचा मिळतो, आणि आईचं घराणं शुद्ध, बापाचंही शुद्ध, त्यामुळे सगळ्या झाडांचे पत्ते अगदी सारखे. पण त्या झाडांनी स्वतः बी धरायचं म्हटलं की आधी पत्ते पिसले जातात आणि मग वाटले जातात, आणि पिसून वाटलेले दोन डाव कधी सारखे आलेत का? सरळ वाणात ही भानगड नसते, कारण तिथे हातातले दोन्ही पत्ते जवळपास सारखेच असतात, कितीही पिसा. म्हणून सरळ वाणाचं बी घरी धरता येतं आणि संकराचं येत नाही.

आता माझ्या आवडीच्या जागी आलो. दिवाळीच्या आगेमागे कधी शेतात गेलात तर एक चांगलं फुटलेलं बोंड तोडून हातावर घ्या. चार-पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात सहा ते नऊ सरक्या, आणि प्रत्येक सरकीला रुईचा पुंजका. त्या पुंजक्यातला एक तंतू ओढून सरळ करा. अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा लांब, आणि तो अख्खा तंतू म्हणजे एक पेशी आहे. एकच. सरकीच्या सालीवरच्या एखाद्या पेशीला फूल उमललं त्या दिवशी लांब व्हायची बुद्धी झाली आणि ती होत होत एवढी झाली. एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त. बरं, सरकीची साल कोणाची? बी आपल्याला लेकरू वाटतं, पण त्याची साल फुलातल्या आईच्या अंगाची असते. आत जे दळ आणि कोंब आहे ते मात्र आईबापाच्या मिलनातून झालेलं, ते खरं लेकरू. म्हणजे बॅगेतल्या बियाचं जे झाड शेतात उभं आहे ते पहिली पिढी, त्याच्यावरची रुईही पहिलीच पिढी, आणि रुईच्या पोटातली सरकी दुसरी. म्हणून तर सरक्या आतून एकमेकींपासून कितीही वेगळ्या असल्या तरी रुई सगळ्या शेतात एकसारखी निघते, आणि व्यापाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि ती शंभर वर्षांवर चालली. तिनं तेवढा काळ जे कातलं ते सगळं आईच्या अंगावरचं. लेकरं गेली तेलाच्या घाण्याला आणि ढेप होऊन गाईम्हशींच्या गव्हाणीत.

हा नुसता बसल्या जागेचा चमत्कार नाही, यातून फार मोठी गोष्ट घडली. बीटी हे नाव एका जिवाणूचं. १९०१ साली जपानात इशिवातांना रेशमाचे किडे मरायला लागले म्हणून शोधता शोधता तो सापडला, आणि पुढे दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर नावाच्या माणसाला पिठातल्या अळीत पुन्हा सापडला, म्हणून त्याच्या नावात थुरिंगिया येऊन बसला. या जिवाणूत एक प्रथिनाचा स्फटिक असतो. अळीनं तो खाल्ला की तिच्या अल्कधर्मी आतड्यात तो विरघळतो, आतड्याला भोकं पाडतो आणि अळी खायचं सोडून मरते. आपल्या पोटात आम्ल, त्यामुळे आपल्याला त्याचं काही नाही. तो स्फटिक बनवायचं जनुक कपाशीत बसवलं ते बीटी कापूस. भारतात २६ मार्च २००२ ला त्याला परवानगी मिळाली, आणि २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

पण आपल्याकडे बीटी आला तो संकराच्या अंगावर बसून. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथे तो सरळ वाणात आहे, आपल्याकडे जवळजवळ सगळा संकरितात. आणि संकरात ते जनुक बहुधा दोनपैकी एकाच पालकाकडून येतं. झाडाला एवढंही पुरतं. पानात, पातीत, बोंडाच्या सालीत विष असतंच. पण सरक्या ही पुढची पिढी, तिथे पत्ते पिसलेले. एका जनुकाचा हिशोब धरला तर चारातली एक सरकी त्याच्याविना राहते; दोन जनुकांचा धरला तर सोळातल्या एकीत दोन्ही नसतात आणि काहींत एकच असतं. आता गुलाबी बोंडअळीचं खाणं काय? सरकी. ती बोंडात शिरते आणि सरकीमागून सरकी पोखरत जाते. म्हणजे एकाच बोंडात तिला कुठे पूर्ण विष, कुठे अर्धं, कुठे काहीच नाही असं ताट मिळालं, आणि थोडं थोडं विष पचवणाऱ्या अळ्यांची वंशवेल वाढायला याहून सोयीची जागा नाही. नागपूरच्या कापूस संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे बोलून दाखवलं होतं. आधी गुजरातेत दिसलं, मग २०१७ च्या हंगामात आपल्या विदर्भात असं दिसलं की लोकांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातले, जनावरं सोडली. सगळा दोष या एकाच गोष्टीचा नाही. ४५० ग्रॅम बीटीच्या बॅगेसोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचं वेगळं पाकीट यायचं, ते साधं बी शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे विष न पचणाऱ्या अळ्याही जिवंत राहतील आणि पचवणाऱ्यांशी त्यांचं लग्न होऊन पचवायची ताकद पातळ होईल, असा बेत. आपण काय केलं? पाकीट बांधावर टाकलं. लांब हंगामाचे वाण आणि मार्चपर्यंत उभं ठेवलेलं पीक हे आणखी वेगळं. पण सरकी लेकीची असते एवढं जर गावोगाव नीट सांगितलं गेलं असतं, तर 'बीटीला अळी लागतेच कशी' हा प्रश्न कोर्टकचेरीपर्यंत गेला नसता.

जाता जाता दोन-तीन गोष्टी उरकतो. गावात हल्ली जिला 'चोर बीटी' म्हणतात, तिच्यात अळी मारणाऱ्या जनुकाखेरीज तणनाशक सहन करायचं वेगळं जनुक असतं, आणि त्या दुसऱ्याला आपल्या देशात लागवडीची परवानगी नाही. चोरीचा भाग तो आहे, बीटीचा नाही. बॅगेवरचं निळं लेबल म्हणजे 'प्रमाणित', त्याचा अर्थ आत जो वाण लिहिलाय तोच आहे आणि उगवण-शुद्धता तपासलेली आहे, एवढाच. वाण भारी आहे असं ते लेबल कुठेही म्हणत नाही. पैदासकाराचं पिवळं, पायाभूतचं पांढरं, सत्यप्रतचं हिरवं, या सगळ्या शुद्धतेच्या जिन्याच्या पायऱ्या. आणि 'आम्ही जनुक बदललेलं काही खात नाही' असं ठासून सांगणाऱ्याला मी हळूच विचारतो की उडीद कुठला खाता? टीएयू-१ हा उडीद १९८५ चा, टॅग-२४ हा भुईमूग १९९१ चा. त्या अक्षरांतला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पंजाबराव कृषी विद्यापीठ या दोघांनी मिळून केलेले. बियांवर किरणांचा मारा करून जनुकांत बदल घडवायचे, त्यातले कामाचे निवडायचे, त्यांचे संकर करायचे, असा हा रस्ता. जनुकं बदललेली आहेत, पण बाहेरून आणून बसवलेलं काही नाही. म्हणून तो 'जीएम' नाही आणि त्याला कधी मोर्चाही आडवा आला नाही. आपण मजेनं वरणात, चटणीत खातो.

हे सगळं ऐकून एकदा का कोणी मनाशी पक्कं केलं की संकराचं बी तसंच्या तसं येत नाही, बी म्हणजे पिसलेले पत्ते, की मग मी समोर संत्रं ठेवतो.

संत्रं आपलं, नागपूरचं, २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून रोप आणून आपल्या बागेत लावलं आणि तिथून पसरलं, असं जुने लोक सांगतात. त्याची एक बी घ्या, धुवा, नखानं वरचं पांढरं टरफल काढा, आतला तपकिरी पापुद्रा काढा. आत दळ निघतं ते हिरवं. मोसंबीच्या बीत ते पांढरं असतं, एवढ्यावरूनही दोघींची ओळख पटते. आता ते हिरवं दळ बोटानं हलकेच चोळा. त्याचे दोन भाग होतील असं वाटतं, हरभऱ्याचे होतात तसे, पण होतात तीन, चार, वेडेवाकडे, एक मोठा, एक चिमुकला, एकमेकांत दबलेले. नीट पाहिलं तर त्या एका बीत एकाहून जास्त कोंब आहेत. लेव्हेनहूक नावाच्या डच कापडवाल्याला, ज्यानं घरी भिंगं घासून जिवाणू पाहिले त्यालाच, १७१९ साली संत्रावर्गाच्या बीत हे दिसलं होतं.

यातलं एखादंच पोर, झालंच तर, आईबापाच्या मिलनाचं. बाकीचे कोंब कुठून आले? बीजांडाच्या आत, गर्भाच्या भोवती आईच्या पेशींचं एक वेटोळं असतं. त्या पेशींतल्या काही जणी स्वतःहून कोंब व्हायला लागतात. बापाचा त्यात एक कणही नाही. ती पोरं म्हणजे आईच पुन्हा. आणि बहुतेक वेळा तीच धिप्पाड असतात. खरं लेकरू दबून जातं, कधी उगवतच नाही. मग बापाचं काम काय? ते ऐकायला बरं वाटत नाही बापांना, पण सांगतो. बीत कोंबाच्या पोषणाचा जो भाग असतो तो तयार व्हायला सहसा परागाचं येणं लागतं. म्हणजे बापानं शिधा पोचवायचा, आणि जेवायला बसणार त्याची नसलेली पोरं. चीनमधल्या वुहानच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की एका जनुकाच्या तोंडाशी डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आहे, आणि लिंबूवर्गातली ही खोड त्याच्यापाशी आहे. सगळ्यांत ती नाही. पपनसात नाही, महाळुंगात नाही. त्यांच्या बीत एकच कोंब, आणि तो आईबाप दोघांचा.

वरुड-मोर्शीकडे, शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून, हजारो रोपं ओळीनं उभी असतात ती याच खोडीच्या जिवावर. संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट आणि वर संत्र्याचा डोळा. खुंट बीपासून वाढवतात, आणि ते सगळे एकसारखे निघतात. मधेच एखादं रोप खुरटं किंवा पानाला वेगळं दिसलं की जुना माळी काही न बोलता उपटून टाकतो. ते बिचारं खरं लेकरू असतं. आता गंमत अशी की जंबेरी स्वतः संकर आहे, मँडरिन कुळातली आई आणि महाळुंग बाप. रंगपूर लिंबू तसंच. मोसंबीही मँडरिन आणि पपनसाच्या मिसळीतून झालेली. म्हणजे पक्के संकर, आणि तरी बी पेरलं की तसंच्या तसं झाड. कपाशीत जे कधी होत नाही ते इथे रोज होतं, कारण इथे पत्ते पिसायला कोणी बसतच नाही. 'संकराचं बी फुटून निघतं' हे वाक्य एका शेताच्या बांधावर खरं आणि पलीकडच्या बागेत खोटं. खासी टेकड्यांत तर संत्र्याच्या बागाच्या बागा बीपासून लावायची पद्धत.

मग आम्ही कलमाच्या भानगडीत का पडतो, असं कोणी विचारील. आमच्या काटोलकडच्या एका मामांनी परसात हौसेनं संत्र्याची बी लावली होती. झाड वाढलं, पार कौलापर्यंत गेलं, पण फळाचं नाव नाही, आणि अंगभर असे काटे की मांजरही चढेना. मामा म्हणाले, हे नर झाड दिसून राहिलं, आणि कुऱ्हाड काढली. मामींनी ती हिसकून घेतली म्हणून झाड वाचलं आणि पुढे लदलदून आलं. नर-बिर काही नव्हतं ते. जनुकं तर आईचीच होती, सगळी. पण बीतून आलं की झाडाला बालपण पहिल्यापासून काढावं लागतं, आणि संत्र्याचं बालपण सात-आठ वर्षांचं, काट्यांसकट. डोळा मात्र थोरल्या झाडाचा घेतलेला असतो, तो आपलं वय सोबत घेऊन येतो, म्हणून कलम लवकर फळतं आणि काटेही कमी. तेच जनुक, वय वेगळं. डेन्मार्कच्या योहानसननं १९०९ साली आतला वारसा आणि बाहेर दिसणारं रूप यांना दोन वेगळी नावं दिली ती यासाठीच. आमच्याकडे त्याचा पुरावा वर्षातून दोनदा बाजारात येतो: एकाच झाडाचा आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास, कधी अंगावर हिरवट झाक घेऊन, आणि मृग बहार थंडी खाऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये, केशरी रंगात. कळमन्याच्या बाजारात दोघांचे भाव वेगळे, आणि जनुकांत काडीचा फरक नाही.

बीच्या झाडाचा एक फायदा मात्र मोठा. संत्रावर्गातले बहुतेक विषाणू बीतून पुढे जात नाहीत, म्हणून आजारी झाडाच्या बीतूनही निरोगी रोप येतं. जुन्या काळी कॅलिफोर्नियात वाण असेच धुऊन घेत. पण मग पुन्हा बालपण, पुन्हा काटे. नागपूरच्या लिंबूवर्गीय संस्थेत यावर तोडगा चालतो तो पाहण्यासारखा आहे. वाढत्या फांदीच्या अगदी टोकाशी विषाणू सहसा पोचलेला नसतो. ते टोक, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढं, सूक्ष्मदर्शकाखाली धारदार पात्यानं कापायचं आणि परीक्षानळीत वाढवलेल्या कोवळ्या खुंटाच्या मानेवर ठेवायचं. जगलं तर झाड थोरल्याच्या वयाचं, आणि रोगाशिवाय. पोरी तिथे श्वास रोखून काम करत असतात, कारण एवढा तुकडा पात्याच्या टोकाला चिकटून राहतो आणि जरा फुंकर लागली की कुठे गेला ते सापडत नाही.